‘या डोंगरावर नाही आणि यरुशलेमातही नाही’ : मग उपासनेच्या जागेला काहीच अर्थ नाही का?

मोहरीचा दाणा यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. गेले दोन महिने एक प्रश्न मनात घोळतो आहे. तो केवळ अभ्यासातून आलेला नाही, म्हणून आधी थोडी हकिकत सांगतो.

आमची मंडळी लहान आहे. अकरा वर्षे आम्ही एका भाड्याच्या सभागृहात दर रविवारी उपासनेसाठी जमत होतो. मालकांना ती जागा परत हवी झाली, परवडेल अशी दुसरी जागा मिळाली नाही आणि तेव्हापासून आम्ही आळीपाळीने सभासदांच्या घरी जमतो. गीते तीच आहेत, शास्त्रपाठ तसाच होतो, महिन्यातून एकदा प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याचा, विधीही पूर्वीसारखाच होतो. तरीही आमच्यातल्या सर्वांत वयस्कर सभासद, ज्यांना आम्ही सगळेच आजी म्हणतो, त्या एका रविवारी सगळे उठत असताना हळूच म्हणाल्या, “घरात प्रार्थना होते रे, पण उपासना झाल्यासारखी वाटत नाही.”

त्यावर आमच्यापैकी एकाने, मनात काहीही वाईट नसताना, योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडला आणि विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीला (शोमरोनी म्हणजे यहूद्यांशी जुने वैर असलेला शेजारी समाज) येशूने दिलेले उत्तर मोठ्याने वाचून दाखवले : पित्याची उपासना ना या डोंगरावर होईल ना यरुशलेमात, खरे उपासक ती आत्म्याने व खरेपणाने करतील. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “आजी, देव काही भिंतींत राहत नाही.” आजींनी मान डोलावली, चष्मा काढून डबीत घातला, पिशवीचे बंद ओढले आणि त्यानंतर या विषयावर त्या एक अक्षरही बोललेल्या नाहीत.

त्यांचे ते गप्प होणे मला अजून बोचते आहे. वचन तर खरे आहे, ते मी कसे नाकारणार? पण त्याच पवित्र शास्त्रात मोशेला जळत्या झुडपापाशी पायांतले जोडे काढायला सांगितले आहे, कारण तो उभा होता ती भूमी पवित्र होती. याकोबाने उशाशी घेतलेला धोंडा उभा करून त्यावर तेल ओतले आणि त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव दिले. हे सगळे नव्या करारानंतर रद्दबातल झाले असे मानायचे का? आणि तसे असेल, तर जगभरच्या ख्रिस्ती लोकांनी एवढी प्रार्थनामंदिरे का बांधली आणि ते यात्रेला का जातात? ख्रिस्ती श्रद्धेत ‘खरी उपासना’ आणि ‘पवित्र स्थान’ यांचे नाते नेमके काय आहे, हे जाणकारांनी सांगावे. आजींना काय उत्तर द्यायला हवे होते, हेही मला समजून घ्यायचे आहे.

विहिरीकाठी यांचा प्रतिसाद

तुमच्या त्या बंधूंनी वचन बरोबर वाचले, पण ते ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न गाळून वाचले. म्हणून आधी त्या स्त्रीच्या प्रश्नाकडे पाहू.

ती ज्या विहिरीपाशी उभी आहे ती गरिज्जीम डोंगराच्या पायथ्याशी आहे. “आमच्या पूर्वजांनी ह्या डोंगरावर उपासना केली” असे ती म्हणते, तेव्हा तो डोंगर तिच्या डोळ्यांसमोर आहे. त्या डोंगरावर शोमरोन्यांचे मंदिर होते आणि ते इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहूदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने उद्ध्वस्त केले होते. म्हणजे विहिरीवर आलेली ही बाई, जिच्या लोकांची उपासनेची जागा मोडली गेली आणि मोडणाऱ्यांनी वर ‘खरी जागा आमचीच’ असे सांगितले, अशा समाजातली आहे. तिच्यासमोर एक यहूदी मनुष्य बसलेला आहे आणि ती त्याला विचारते आहे की आम्ही आता जायचे कुठे. तिच्या प्रश्नात एक जुनी जखम आहे, हे न ओळखता येशूचे उत्तर वाचले तर ते कोरडे वाटते.

आता उत्तर पाहा. येशू तिला ‘जागेचे काय एवढे’ असे म्हणत नाही. तारण यहूद्यांमधून आहे हे तो स्पष्ट सांगतो, म्हणजे इतिहास, वंश आणि ठिकाण यांना तो झटकून टाकत नाही. पण ज्या यरुशलेमाच्या नावाने तिच्या लोकांना कमी लेखले गेले, ते यरुशलेमही उद्या तिच्या आड येणार नाही, असे आश्वासन तो तिला देतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे शुभवर्तमान लिहिले गेले तेव्हा इ.स. ७० मध्ये तीतसाच्या रोमी सैन्याने यरुशलेमचे मंदिरही जाळून पाडलेले होते. तेव्हाच्या वाचकांच्या दृष्टीने दोन्ही डोंगरांवर भग्नावशेषच होते. अशा लोकांना हे वचन ऐकू येते ते दिलासा म्हणून. जागा गमावलेल्या माणसाच्या दुःखावर ते टाकीच्या घावासारखे वापरणे, हे त्या वचनाच्या मूळ दिशेच्या नेमके उलट आहे.

दुसरी गोष्ट शब्दाची. मराठीत आपण ‘उपासना’ वाचतो, तिथे मूळ ग्रीकमध्ये ‘प्रोस्कुनेओ’ हे क्रियापद आहे. २० ते २४ या पाच वचनांत हे क्रियापद आणि त्यापासून झालेले नाम मिळून दहा वेळा येतात. त्याचा मूळ अर्थ आहे वाकणे, गुडघे टेकून किंवा जमिनीपर्यंत लवून वंदन करणे. म्हणजे ‘आत्म्याने’ उपासना करा असे सांगताना येशूने जो शब्द वापरला तो शरीराचा शब्द आहे! ‘आत्म्याने’ म्हणजे मनातल्या मनात, देहाशिवाय, जागेशिवाय, असा अर्थ आपण नंतर चिकटवला आहे. योहानाच्या लिखाणात आत्मा म्हणजे देवाचा आत्मा, ज्याच्यामुळे माणूस नव्याने जन्मतो आणि जो जिवंत पाण्यासारखा वाहतो. आणि ‘खरेपण’ म्हणजे केवळ प्रामाणिकपणा नव्हे, कारण याच शुभवर्तमानात येशू स्वतःला मार्ग, सत्य व जीवन म्हणवतो. दुसऱ्या अध्यायात तो मंदिराबद्दल बोलतो, तेव्हा आपल्या शरीररूपी मंदिराविषयी बोलत होता असा खुलासा लेखकाने मुद्दाम केला आहे. तेव्हा चौथ्या अध्यायात ‘कुठे’ या प्रश्नाला मिळालेले उत्तर ‘कुठेही’ असे नाही. ते उत्तर ‘माझ्यापाशी’ असे आहे. स्थानाची जागा इथे एका व्यक्तीने घेतली आहे.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण नवव्या अध्यायात आहे. जन्मांध मनुष्याला दृष्टी येते, तो खरे तेच सांगत राहतो आणि धर्मपुढारी त्याला हाकलून देतात. जिथे त्याचे आईवडील आणि सगे जातात ते सभास्थान त्याला बंद होते. येशूला हे कळते आणि येशू स्वतः त्याला शोधून काढतो. तिथे तो मनुष्य “प्रभू, मी विश्वास ठेवतो” असे म्हणून त्याला नमन करतो, आणि शब्द पुन्हा तोच आहे, प्रोस्कुनेओ. हे कुठल्या जागी घडले ते योहान सांगत नाही. जागा नसलेल्या माणसाची उपासना पूर्ण झाली, पण त्यासाठी आधी कोणीतरी त्याला शोधत आले होते, हेही तितकेच ध्यानात ठेवायला हवे.

शेवटी ‘देव भिंतींत राहत नाही’ या वाक्याबद्दल. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याने आपल्या भाषणात आणि प्रेषित पौलाने अथेन्समध्ये हे सांगितले, म्हणून आपल्याला ते मंदिराविरुद्धचे वाक्य वाटते. पण ते त्यांच्या कित्येक शतके आधी खुद्द मंदिर बांधणाऱ्याने म्हटलेले आहे. मंदिराच्या समर्पणाच्या दिवशीच शलमोन प्रार्थनेत म्हणतो की आकाश आणि नभोमंडळ यांतही तू मावत नाहीस, मग मी बांधलेल्या या घराची काय कथा! आणि तरीही तो बांधतो, आणि या स्थळाकडे तोंड करून केलेली प्रार्थना ऐक अशी विनंती करतो. देव मावत नाही हे माहीत असूनही माणसाला तोंड करायला एक दिशा लागते, हे त्याला कळले होते. पहिले ख्रिस्ती लोकही मंदिरात दररोज जमत आणि घरोघरी भाकर मोडत, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात एकाच वाक्यात आले आहे. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही.

उघडी खिडकी यांचा प्रतिसाद

वरचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि शब्दाचा मुद्दा मला नवा होता. तरीही त्यात एका धोक्याचा उल्लेख राहिला असे वाटते, म्हणून लिहितो. आजींना दुखवायचा हेतू अजिबात नाही.

जागेची ओढ स्वाभाविक आहे, पण तिच्यात फसवणूकही असू शकते. जुन्या करारातला संदेष्टा यिर्मया मंदिराच्या दाराशी उभा राहून आत जाणाऱ्या लोकांना सांगतो की ‘परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर’ या लबाडीच्या शब्दांवर भिस्त ठेवू नका. तीनदा तेच तेच म्हणणारे लोक त्याने रोज ऐकले असणार. परक्यांवर, पोरक्यांवर आणि विधवांवर अन्याय करायचा आणि मग या घरात येऊन ‘आम्ही सुरक्षित आहोत’ असे म्हणायचे, याला त्याने लुटारूंची गुहा म्हटले. येशूने मंदिरात सराफांचे चौरंग पालथे केले, तेव्हा हेच शब्द उच्चारले.

डोंगरावरच्या प्रवचनातले एक वचन आपण फार वरवर वाचतो. वेदीजवळ दान अर्पण करताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर, असे येशू म्हणतो. ऐकणारे गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमात होती. वाट साधारण तीन दिवसांची. म्हणजे अर्पणाचा पशू घेऊन तीन दिवस चाललेल्या माणसाने वेदीपाशी पोहोचल्यावर मागे फिरायचे, तीन दिवस चालत घरी जायचे, भावाची क्षमा मागायची आणि मग पुन्हा तीन दिवस चालत यायचे. पवित्र स्थानाचे महत्त्व येशूच्या लेखी किती होते आणि समेटाचे किती, हे या हिशेबावरून दिसते.

पुढच्या काळातही हा आवाज बंद झाला नाही. चौथ्या शतकात यरुशलेमच्या यात्रेची लाट आली, तेव्हा निस्साचा बिशप ग्रेगरी स्वतः तिथे जाऊन आला आणि परत आल्यावर त्याने एका पत्रात लिहिले की जागा बदलल्याने कोणी देवाच्या अधिक जवळ जात नाही, आणि त्या पवित्र नगरीत त्याने पाहिलेली पापे इतर कुठल्याही नगराहून कमी नव्हती. १५४७ मध्ये प्रोटेस्टंट झालेल्या जिनिव्हाच्या अखत्यारीतील खेड्यांमधल्या मंडळ्यांसाठी केलेल्या नियमांत उपासनेची वेळ संपल्यावर प्रार्थनामंदिराचे दार बंद ठेवावे असे म्हटले होते, कारण लोक एरवी आत जाऊन त्या वास्तूलाच पावित्र्य चिकटवतील अशी भीती होती. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स हा क्वेकर पंथाचा संस्थापक या इमारतींना ‘शिखरघरे’ एवढेच म्हणे. ‘चर्च’ हा शब्द त्याने माणसांसाठी राखून ठेवला होता. हे सगळे मला टोकाचे वाटते, बंद दाराचा तो नियम तर विशेषच, पण त्यामागची तळमळ खोटी नव्हती.

म्हणून मला वाटते की आजींना जागेची आठवण येते ती येऊ द्यावी, पण घरातली उपासना ही दुय्यम उपासना आहे असे मात्र कोणी मनात धरू नये. दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जिथे जमतात तिथे मी आहे, असे येशूने म्हटले आहे आणि त्यात छपराचा उल्लेख नाही.

मेणवात यांचा प्रतिसाद

मी कॅथोलिक आहे, त्यामुळे ‘उघडी खिडकी’ यांच्याशी माझे काही बाबतींत जमणार नाही. पण सुरुवात सहमतीनेच करते. ‘जागेला चिकटणारे ते कॅथोलिक आणि आत्म्याने उपासना करणारे ते प्रोटेस्टंट’ अशी जी सोपी वाटणी ऐकू येते, ती आमच्या शिकवणुकीला धरून नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या ११७९ व्या परिच्छेदात, नव्या करारातील आत्म्याने व खरेपणाने केलेली उपासना कोणत्याही एकाच जागेशी बांधलेली नाही आणि सारी पृथ्वी पवित्र आहे, असे म्हटले आहे. तिथे आधी जिवंत धोंडे म्हणून जमणाऱ्या लोकांचा उल्लेख येतो आणि इमारतीचा विचार त्यानंतर.

तरी इमारत नुसती सोय आहे असेही आम्ही मानत नाही. नव्या प्रार्थनामंदिराचे समर्पण होताना बिशप वेदीवर अभिषेकाचे पवित्र तेल ओततात, ते हाताने सर्वत्र चोळतात आणि मग भिंतींवर बारा किंवा चार ठिकाणी त्याच तेलाने क्रूसाची खूण करतात. मी हा विधी एकदाच जवळून पाहिला. बाह्या वर सरकवलेल्या म्हाताऱ्या बिशपांचे हात कोपरापर्यंत तेलाने माखले होते आणि वेदीचा दगड ओला होऊन काळसर दिसत होता. तेव्हा लक्षात आले की हेच तेल बाप्तिस्मा झालेल्या बाळाच्या डोक्यावर लावतात. आधी माणसाला अभिषेक होतो आणि मग माणसाचे प्रतीक म्हणून भिंतीला. भिंत पवित्र म्हणून आत बसलेले लोक पवित्र, असा तो क्रम नाही.

आणि जागेची स्मृती आपण सहज सोडू शकत नाही, कारण देवाने देह धारण केला असे आपण मानतो. ज्याला देह आहे तो कुठेतरी जन्मतो, कुठेतरी थकून विहिरीच्या कडेला बसतो, कुठेतरी पुरला जातो. आपल्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीत, पंतय पिलाताचे नाव आहे. एका रोमी सुभेदाराचे नाव आपण दर रविवारी उच्चारतो ते याचसाठी, की हे कुठेतरी आणि केव्हातरी खरोखर घडले. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची स्त्री पश्चिमेकडून एवढा प्रवास करून यरुशलेमला गेली आणि तिने आपल्या बहिणींसाठी तिथल्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले. तिला सर्वांत जास्त काय भावले असेल तर प्रत्येक ठिकाणी त्या दिवसाला आणि त्या स्थळाला साजेसा पाठ वाचला जाई, हे. तिने मानवी दुबळेपणाही लपवला नाही. शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडे) येशूच्या क्रूसाचे म्हणून जपलेल्या लाकडाचे चुंबन घेताना एकाने पूर्वी त्याचा तुकडा दाताने तोडून नेला होता, म्हणून सेवक डोळ्यांत तेल घालून पहारा करत, असे ती लिहिते. स्मृती आणि हाव यांत किती थोडे अंतर असते!

पण मला या चर्चेत सांगायची खरी गोष्ट वेगळीच आहे. ख्रिस्ती जगातले सर्वांत पूज्य स्थान म्हणजे यरुशलेममधले पवित्र कबरीचे मंदिर. रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ते उभे राहिले आणि ३३५ मध्ये त्याचे समर्पण झाले. १००९ मध्ये ते पाडले गेले, पुन्हा बांधले गेले आणि आज सहा ख्रिस्ती समाज तिथे आपापल्या वेळी उपासना करतात. हे सगळे ज्या जागेभोवती आहे ती जागा रिकामी आहे. मार्काच्या शुभवर्तमानात पांढरा झगा घातलेला तरुण त्या स्त्रियांना म्हणतो, “तो उठला आहे, तो येथे नाही, त्याला ठेवले होते ती ही जागा पाहा.” तो येथे नाही, असे म्हणतो आणि लगेच जागा दाखवतो. आणि लगोलग त्यांना गालीलाकडे धाडतो. मला तरी ख्रिस्ती पवित्र स्थानाबद्दल याहून नेमके काही वाचायला मिळालेले नाही. पाहा, आणि इथे थांबू नका.

‘मोहरीचा दाणा’ यांना एक सांगते. घरात जमणे ही उतरती पायरी आहे असे वाटत असेल तर फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोस या गावाची हकिकत वाचा. आज ते सिरियात आहे. तिथे तिसऱ्या शतकातले एक राहते घर सापडले, जे ख्रिस्ती लोकांनी उपासनेसाठी फेरबदल करून वापरले होते. दोन खोल्यांमधली भिंत काढून त्यांनी एक मोठी खोली केली आणि एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बांधले. सुमारे २५६ मध्ये शत्रूच्या वेढ्यापूर्वी गावाचा तट मजबूत करताना ते घर मातीच्या भरावाखाली गेले आणि म्हणूनच त्याच्या भिंतींवरची चित्रे शाबूत राहिली. त्यातल्या एका चित्रात विहिरीवर वाकून पाणी काढणारी स्त्री आहे. काही अभ्यासक तिला मरिया मानतात, पण अनेकांच्या मते ती शोमरोनी स्त्री आहे. ‘या डोंगरावर नाही’ हे जिने ऐकले तिलाच त्या लोकांनी भिंतीवर रंगवले, आणि तेही घरातल्या भिंतीवर.

अंथरुणावरून यांचा प्रतिसाद

मी फार लिहू शकत नाही. तीन वर्षे घराबाहेर पडलेलो नाही. महिन्यातून एकदा आमचे पाळक आणि कोणी एक सभासद प्रभुभोजन घेऊन माझ्या खोलीत येतात. मला वाटायचे ही माझ्यासाठी केलेली आजकालची सवलत आहे. मग समजले की दुसऱ्या शतकाच्या मध्याला हुतात्मा जस्टिन रविवारच्या उपासनेचे वर्णन करतो, त्यातही जे हजर नसतील त्यांच्याकडे भाकर व द्राक्षारस सेवकांच्या हाती पाठवला जातो, असे लिहिलेले आहे. तेव्हापासून जागा माणसाकडे चालत जाते आहे. पण खरे सांगतो, मला आमच्या प्रार्थनामंदिराची फार आठवण येते. खिडकीजवळचा उजवीकडचा बाक. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि आजींनाही त्या दोन्ही ठाऊक असतील. त्यांना कोणी विचारले का, की नक्की कशाची उणीव वाटते?

मोहरीचा दाणा यांचा प्रतिसाद

आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, त्याबद्दल ऋणी आहे. ‘अंथरुणावरून’ यांचा शेवटचा प्रश्न वाचला आणि मला स्वतःची लाज वाटली. मी दोन महिने शास्त्रवचने पडताळत होतो आणि आजींना मात्र काहीच विचारले नव्हते.

परवा त्यांच्या घरी गेलो. आधी त्यांनी ‘काही नाही रे, सगळे छान चालले आहे’ असे म्हणून विषय टाळला. मी पुन्हा विचारले तेव्हा बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या की जुन्या सभागृहात व्यासपीठाला लाकडी पायरी होती आणि प्रभुभोजनाच्या वेळी त्या त्या पायरीवर गुडघे टेकत. व्यासपीठाची कड धरली की उठता येई. आता कोणाच्याही घरी मधोमध टेबल असते, सभोवार खुर्च्या आणि सोफा, आणि धरायला काही नसते. एकदा खाली बसले तर उठवायला दोघांना यावे लागेल आणि सगळ्यांची उपासना मोडेल, म्हणून त्या बसल्या जागीच घेतात. “इतकी वर्षे वाकून घेतले,” त्या म्हणाल्या, “आता बसून घेताना पाहुणचार घेतल्यासारखे वाटते.”

‘विहिरीकाठी’ यांनी सांगितलेला तो ग्रीक शब्द मी त्यांना सांगितला नाही, कारण त्यांना तो सांगायची गरजच नव्हती. आम्ही ज्याला भिंतींची ओढ समजलो, ती वाकायला जागा नसल्याची खंत होती. ‘आत्म्याने’ हा शब्द त्यांच्यासमोर वाचला गेला तेव्हा त्यांच्या गुडघ्यांचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. याकोबाच्या पत्रात, सभेत आलेल्या गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’ असे सांगणाऱ्यांची कानउघाडणी केलेली आहे. आम्ही आजींना उभे केले नाही, उलट सर्वांत मऊ खुर्ची दिली, तरी त्यांना हवी ती जागा दिली नाही हे खरेच.

‘उघडी खिडकी’ यांचा इशारा मला पटतो आणि तो मी विसरणार नाही. आजींना मात्र कोणत्याही इमारतीवर भिस्त ठेवायची नव्हती.

ज्या बंधूंनी ते वचन वाचले होते त्यांना मी ही गोष्ट सांगितली. ते काही क्षण काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की पायरी किती उंच होती. मला आठवेना, त्यांनाही नाही. शेवटी आजींनाच विचारावे लागले. त्यांनी हात गुडघ्याच्या बराच खाली, पोटरीच्या मध्यावर धरून उंची दाखवली. बंधूंच्या घरी एक जुना ठेंगणा बाक होता. त्याला त्यांनी एका बाजूला घट्ट, धरता येईल असा आडवा दांडा ठोकून घेतला आणि कडा घासून गुळगुळीत केल्या. मागच्या रविवारी प्रभुभोजनाच्या आधी मधले टेबल उचलून बाहेर ठेवले आणि तिथे तो बाक मांडला. आजी आल्या, दांडा धरला, हळूहळू गुडघे टेकले. त्यांच्या मागून आणखी चौघे तिथेच गुडघे टेकायला आले, त्यात ते बंधूही होते.

जुन्या सभागृहाची आठवण आजी अजूनही काढतात, आणि ती निघाली की आता कोणी शास्त्रवचन उघडत नाही. येत्या रविवारी उपासना दुसऱ्या घरी आहे. बाक आदल्या दिवशीच तिथे नेऊन ठेवायचे ठरले आहे.